बारा महिने रंग हवा असेल तर हीदर लावा, पण आधी माती बघा

इंग्लंडमध्ये घर घेतलं की पहिल्या वर्षी सगळे सेम करतात. एप्रिल-मेमध्ये गार्डन सेंटर गाठायचं, पेट्युनिया, झेंडू, जिरेनियम ट्रॉली भरून आणायचे, जुलैत ग्रुपवर फोटो टाकायचे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या फ्रॉस्टमध्ये सगळं काळं पडलं की बाग बंद, डायरेक्ट पुढच्या एप्रिलला उघडायची. म्हणजे वर्षातले सहा महिने खिडकीतून बघायला ओली माती आणि कौन्सिलचे बिन. ज्यांना याचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. हीदर इथलंच झुडूप आहे, थंडी-वारा-पाऊस सगळं सोसतं, खत मागत नाही, वर्षातून एकदा कात्री लागते, आणि प्रकार नीट निवडले तर खरंच एकही महिना कोरा जात नाही.

आता बहुतेकांची गडबड कुठे होते सांगते. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला गेलात की डोंगरच्या डोंगर जांभळे दिसतात, आपल्याकडे त्याच सुमाराला कास पठार फुलतं ना, तसंच काहीसं, फक्त एकाच रंगात आणि मैलोन्‌मैल. तो कॅलुना. आपल्याला वाटतं हीदर म्हणजे एवढाच, मग सप्टेंबरमध्ये तोच आणतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलं वाळतात आणि आपण म्हणतो संपलं. पण दुकानात हीदर म्हणून जे विकतात त्यात कॅलुना, एरिका आणि डाबोएशिया असे तीन वेगळे गट असतात, आणि खरी गंमत एरिकात आहे, कारण त्यातले काही भर थंडीत फुलतात. माझं स्पष्ट मत आहे की आधी थंडीतले घ्या. उन्हाळ्यात रंग द्यायला शंभर झाडं आहेत, जानेवारीत कोण देतंय?

पण त्याच्याही आधी माती. कॅलुना, उन्हाळ्यात फुलणारा बेल हीदर म्हणजे एरिका सिनेरिया, ओल्या जागेत येणारा एरिका टेट्रालिक्स आणि डाबोएशिया, या सगळ्यांना आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण साडेचार ते सहा. चुनखडीच्या मातीत लावलेत तर त्यांना लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू जातं, आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी घालत बसतो. याउलट एरिका कार्निया (मूळचा आल्प्स भागातला), कार्नियाचाच संकर असलेला एरिका डार्लेएन्सिस आणि आयरिश हीथ म्हणतात तो एरिका एरिजेना हे तिन्ही थोडा चुना चालवून घेतात, आणि नशिबाने हेच तिन्ही थंडी ते वसंत या काळात फुलणारे आहेत. म्हणून सांगते, माती कशी का असेना, थंडीतला रंग जवळपास सगळ्यांना मिळतो, प्रश्न येतो तो उन्हाळ्याचा.

पीएच टेस्ट किट कुठल्याही गार्डन सेंटरला मिळतं, आणा आणि बागेच्या दोन-तीन जागची माती वेगवेगळी तपासा. विशेषतः नवीन बांधलेलं घर असेल तर भिंतीलगत बिल्डरने गाडलेलं सिमेंट-विटांचं डबर निघतं, त्याने तिथली माती अल्कलाइन होते, तेव्हा भिंतीपाशी एक रीडिंग आणि मधोमध वेगळं असं होऊ शकतं. किट आणायचा कंटाळा असेल तर शेजारपाजारच्या बागांत डोकावून या, हायड्रेंजिया निळाशार असेल आणि ऱ्होडोडेंड्रॉन मजेत असेल तर माती आम्लधर्मी आहे, सगळे हायड्रेंजिया गुलाबी असतील तर शंका घ्या. आणि माती चुनखडीची निघाली तर ती बदलायच्या नादाला लागू नका, सल्फर टाकून टाकून दमाल, खालून चुना येतच राहतो. सरळ फूटभर उंचीचा रेझ्ड बेड, म्हणजे कडा बांधून उंच केलेला वाफा, करा नाहीतर मोठ्या कुंड्या घ्या, आणि त्यात एरिकेशियस म्हणजे आम्लधर्मी कंपोस्ट भरा, पीट-फ्री मिळतं तेच घ्या.

पाण्याचंही तेच आहे. लंडन आणि एकूणच साउथ-ईस्टला नळाचं पाणी जड असतं, किटलीत पांढरा थर बसतो ना, तो चुनाच. जमिनीत लावलेल्याला अधूनमधून दिलं तर बिघडत नाही पण कुंडीतल्या कॅलुनाला वर्षभर तेच दिलंत तर कंपोस्ट बिघडतं. छपराच्या पन्हळीच्या पाइपला वॉटर बट, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं पिंप, जोडून घ्या, इथे पाऊस कमी नाही. ग्लासगोवाल्यांची मजा आहे, त्यांचं पाणी लॉख कॅट्रिन तलावातून येतं, मऊ असतं, मँचेस्टरलाही लेक डिस्ट्रिक्टचं मऊ पाणी, तिकडच्यांनी नळाचं खुशाल घाला.

आता कॅलेंडर. हे नीट बघा कारण सगळा खेळ याच्यावर आहे. डार्लेएन्सिस नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत खेचतो, हा संकर डर्बीशायरच्या डार्ली डेलमधल्या एका नर्सरीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिळाला म्हणून हे नाव. त्यातला 'क्रॅमर्स रोटे' हा गडद किरमिजी, 'व्हाइट परफेक्शन' पांढरा, आणि एवढी लांब फुलणारी दुसरी झाडं फार नाहीत. कार्निया डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल, जेमतेम १५ ते २५ सेंटीमीटर उंच, जमिनीवर पसरत जातो, 'स्प्रिंगवुड व्हाइट' हा सगळ्यात पसरणारा, तण उगवूच देत नाही, आणि गडद हवा असेल तर 'मायरटून रूबी' किंवा 'व्हिवेली'. मार्च ते मे एरिजेना आणि ट्री हीथ, म्हणजे लहान झाडासारखा उंच वाढणारा एरिका. जून ते सप्टेंबर सिनेरिया, 'सी. डी. ईसन' नावाचा भडक गुलाबी त्यात जुना आणि भरवशाचा. डाबोएशिया जून ते ऑक्टोबर, त्याच्या घंटा इतरांपेक्षा मोठ्या असतात. ऑगस्टपासून कॅलुना आणि कॉर्नवॉलचा एरिका व्हॅगन्स, हा व्हॅगन्स थोडासा चुना सहन करतो म्हणून चुनखडीवाल्यांनी 'मिसेस डी. एफ. मॅक्सवेल' नक्की बघावा. आणि शेवटी कॅलुनातले बड-ब्लूमर, ज्यांच्या कळ्या कधी उघडतच नाहीत, 'गार्डन गर्ल्स' नावाने विकतात ते. कळी उघडत नाही म्हणून रंग पावसातही टिकतो, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत जातो, आणि तोवर डार्लेएन्सिस सुरू झालेला असतो. झाला की चक्र पूर्ण!

फुलांच्या बाबतीत मे महिना जरा पोकळ जातो, थंडीतले संपत आलेले आणि उन्हाळ्यातले यायचेत. तो महिना पानांवर काढायचा. आणि पानं हा विषय लोक अजिबात बघत नाहीत, याचा मला खरंच राग येतो, कारण फूल दोन-चार महिने असतं, पान बारा महिने असतं. कॅलुना 'फायरफ्लाय' घ्या, उन्हाळ्यात पानं नारिंगी-तांबूस, आणि जसजशी थंडी वाढते तसतशी विटेसारखी लाल. 'रॉबर्ट चॅपमन' सोनेरी असतो तो थंडीत केशरी आणि मग लाल होतो. 'सिल्व्हर क्वीन' राखाडी-चंदेरी. 'स्प्रिंग टॉर्च'चे वसंतातले कोवळे शेंडेच क्रीम-गुलाबी-लाल असतात, म्हणजे बरोब्बर मे महिन्याची सोय. चुनखडीवाल्यांनी नाराज होऊ नका, कार्नियात 'फॉक्सहॉलो' आहे, पानं पिवळीधमक आणि कडाक्याच्या थंडीत त्यावर लाली चढते. एक लक्षात ठेवा, हे रंग उन्हावर येतात. सावलीत लावलंत तर सोनेरी पान हिरवट पडतं आणि झाड लांबट, विरळ होतं. निदान अर्धा दिवस तरी ऊन हवंच, त्यातल्या त्यात कार्निया थोडी सावली चालवून घेतो.

विकत घेताना काय बघायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरला सुपरमार्केटच्या दारात छान छान हीदर मांडलेले असतात, त्यात दोन प्रकारांपासून सावध राहा. एक म्हणजे निळे, हिरवे, भडक केशरी, ते चक्क रंग मारलेले असतात, निळा हीदर निसर्गात नाहीच, रंग मारलेल्या भागाखालून नवीन फुटवा आपल्या मूळ रंगाचा येतो. दुसरा एरिका ग्रॅसिलिस, लालगुलाबी बारीक घंटांचा, फार सुंदर दिसतो पण तो दक्षिण आफ्रिकेचा, इथला फ्रॉस्ट त्याला सोसत नाही. फ्लॉवर बुकेच्या जागी म्हणून घेतलात तर ठीक, बागेसाठी नको. लेबलवर नुसतं 'हीदर' किंवा 'मिक्स्ड' लिहिलं असेल आणि कळत नसेल तर पान जवळून बघा, फांदी बोटांत धरून. कॅलुनाची पानं खवल्यांसारखी, अगदी बारीक, जोडीजोडीने एकावर एक, दांडीला घट्ट चिकटलेली असतात. एरिकाची पानं बारीक सुयांसारखी, दांडीभोवती तीन-चार अशी गोलाकार आणि बाहेर आलेली. एवढं कळलं की निम्मं काम झालं. बाकी मोठी फुललेली कुंडी घेण्यापेक्षा ९ सेंटीमीटरची छोटी रोपं जास्त संख्येने घ्या, स्वस्त पडतात आणि जमिनीत लवकर रुळतात.

आणि प्लीज एकेक प्रकारचं एकेक रोप आणू नका. मोह होतो मान्य आहे, पण दहा प्रकारांची दहा रोपं लावली की काहीच नजरेत भरत नाही. एका प्रकारची तीन किंवा पाच एकत्र लावा म्हणजे दोन-तीन वर्षांत ती मिळून एक गालिचा होतो. समजा दाराशी २ मीटर बाय दीड मीटरचा वाफा आहे, म्हणजे ३ चौरस मीटर, तर साधारण पंधरा-सोळा रोपं लागतील. मी असं करीन: मागे कोपऱ्यात एक ट्री हीथ 'अल्बर्ट्स गोल्ड', सोनेरी पानांचा, तो माणसाच्या उंचीपर्यंत जातो, त्याच्यापुढे 'क्रॅमर्स रोटे' तीन, 'फायरफ्लाय' तीन, 'सी. डी. ईसन' तीन, गार्डन गर्ल्समधल्या कुठल्याही एका रंगाचे तीन, आणि अगदी पुढे कडेला 'स्प्रिंगवुड व्हाइट' तीन. लाल पानाशेजारी पांढरं फूल ठेवा, गुलाबी नको, फेब्रुवारीत फरक कळेल. माती चुनखडीची असेल तर 'क्रॅमर्स रोटे' आणि 'स्प्रिंगवुड व्हाइट' तसेच ठेवा, बाकी काढून 'फॉक्सहॉलो', 'मिसेस मॅक्सवेल' आणि मागे एरिजेनातला 'आयरिश डस्क' टाका, आणि जुलैच्या फुलांसाठी एरिका टर्मिनॅलिस मिळतोय का बघा, तो मीटरभर उंच होतो आणि चुन्याचं त्याला वावडं नाही. वाफ्यात मध्येमध्ये स्नोड्रॉप आणि क्रोकसचे कंद खुपसून द्या, कार्नियाच्या गालिच्यातून ते वर येतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

लावायची वेळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल. रोप कुंडीसकट बादलीत बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसंच ठेवा, कारण हा मुळांचा गोळा एकदा कोरडा झाला की वरून कितीही झारी ओता, पाणी कडेने निघून जातं, आत शिरतच नाही. मग कुंडीतून काढा, मुळं खाली गोल गोल गुंतलेली असतील, बारीक असतात अगदी, ती बोटांनी हलकी मोकळी करा, गुंता फारच असेल तर खालचा भाग थोडा फाडलात तरी चालेल, न सोडवता लावलं तर मुळं वर्षभर त्याच कुंडीच्या आकारात बसून राहतात. खड्डा थोडा खोल घ्या. इतर झाडं आपण कुंडीतल्या मातीच्या लेव्हलला लावतो ना, इथे तसं नाही, खालची पानं मातीवर टेकली पाहिजेत, उघडी दांडी दिसता कामा नये, त्या दांडीलाही पुढे मुळं फुटतात. दोन रोपांत ४० सेंटीमीटरच्या आसपास जागा. हाताने दाबा, पायाने नको. वर बारीक बार्क चिप्सचं आच्छादन घाला आणि पहिला पूर्ण उन्हाळा पाण्याकडे लक्ष ठेवा, दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्यांना फक्त मोठ्या उघाडीत.

लंडनची चिकणमाती असेल तर निचरा आधी बघा, ग्रिट (जाडसर खडी) आणि कंपोस्ट केलेलं बार्क म्हणजे झाडाची साल मिसळून वाफा थोडा उंच करा. पाणी साचलं की फायटोप्थोरा नावाची मूळकूज लागते, एक फांदी तपकिरी, मग अर्धं झाड, मग सगळं. त्यावर घरगुती औषध नाही, झाड मुळासकट काढून कचऱ्यात टाका आणि त्या जागी परत हीदर लावू नका.

आता खत. इथे आपली मराठी माया आड येते. शेणखत नको, अंड्याची टरफलं नकोत, चुलीची-बार्बेक्यूची राख नको, मश्रूम कंपोस्ट तर अजिबात नको. टरफलं, राख आणि मश्रूम कंपोस्ट तिन्ही मातीतला चुना-क्षार वाढवतात आणि शेणखताने झाड नुसतं मऊ, लांब वाढतं आणि मधून उघडं पडतं. हीदरच्या मुळांत एक बुरशी राहते, ती गरीब, आम्लधर्मी मातीतून त्याला हवं ते काढून देते, म्हणून तर ओसाड माळावर तो माजतो. जमिनीतल्यांना काहीही घालू नका, कुंडीतल्यांना वसंतात एकदा थोडंसं एरिकेशियस फीड, बास.

राहिली छाटणी, आणि खरं सांगायचं तर हीदर चांगला राहतो की दोन-तीन वर्षांत मधून टक्कल पडतं ते यावरच ठरतं. १९७० च्या दशकात इथे हीदर आणि बुटके कॉनिफर यांच्या बागांची प्रचंड फॅशन होती, नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅमच्या नर्सरीवाल्या एड्रियन ब्लूम यांनी ती लोकप्रिय केली, त्यांची फॉगी बॉटम बाग आजही बघण्यासारखी आहे. नंतर ती फॅशन गेली, आणि मला वाटतं त्याचं मोठं कारण हेच की लोकांनी लावलं आणि कात्री लावलीच नाही, बुटके म्हणून आणलेले कॉनिफर वाढून बसले आणि खाली हीदरच्या नुसत्या काटक्या उरल्या.

करायचं काय, तर उन्हाळ्यात-शरदात फुलणारे, म्हणजे कॅलुना, सिनेरिया, व्हॅगन्स, डाबोएशिया, यांची वाळलेली फुलं थंडीभर तशीच राहू द्या, तपकिरी तुरे वाईट दिसत नाहीत आणि खालच्या कोंबांना आडोसा होतो. मार्च संपता संपता, नवीन फुटवा यायच्या आत कापा. एक मूठ फांद्या डाव्या हातात धरा, वाळलेला तुरा जिथे संपतो आणि हिरवी पानं सुरू होतात ती जागा डोळ्यांनी बघा, आणि तुऱ्याच्या जरा खाली कात्री चालवा, अशी की कापलेल्या जागेखाली हिरवं पान शिल्लक राहील. त्याच्या खाली उघडं तपकिरी लाकूड असतं, त्यात कापलंत तर तिथून बहुतेक वेळा परत फुटत नाही. वरून सपाट कापू नका, झुडपाचा जो घुमट आहे त्याच्या गोलाईने कात्री फिरवा. थंडीतल्यांचं उलट, एप्रिल-मेमध्ये फुलं उतरली की लगेच हलकी छाटणी, कार्नियाला तर नुसतं नीटनेटकं केलं तरी पुरतं. पण हे मेमध्येच उरका, ऑगस्टमध्ये सुचलं म्हणून कात्री घेतलीत तर पुढच्या थंडीच्या कळ्या कापून टाकाल. ट्री हीथ लहान असताना पहिली दोन-तीन वर्षं वसंतात चांगला खाली, दोन-तृतीयांश कापतात, जीव कासावीस होतो पण त्यानेच तो खालून भरतो. आणि बर्फ पडला की एरिजेना आणि ट्री हीथवरचा बर्फ झाडूने झटकून टाका, फांद्या कडकन मोडतात.

एखादं जुनं झुडूप लांबट होऊन गेलंच असेल तर फेकू नका. वसंतात बाहेरची एक फांदी खाली वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. आपलं दाबकलमच. पुढच्या वर्षी मुळं धरली की कापून वेगळं लावा. एकदा हे जमलं की रोपं विकत आणायची गरज उरत नाही.

कुठले रंग घ्यायचे ते कळत नसेल तर फेब्रुवारीत सरेमधल्या विझलीच्या बागेला चक्कर मारा, तिथला हीदर संग्रह मोठा आहे, नावं लावलेली असतात, फोटो काढून आणा. स्कॉटलंडवाल्यांना एडिनबराचं बोटॅनिक गार्डन आहेच. ऊन पडलं असेल तर कार्नियावर गुबगुबीत बंबलबी राण्या दिसतील, थंडीतून नुकत्या उठलेल्या, त्या वेळी त्यांना खायला बाहेर फार काही नसतं.

अमेरिकेतले लोक विचारतात म्हणून: सिॲटल, पोर्टलंड, तिकडे वर व्हँकुव्हरला वरचं बहुतेक सगळं लागू पडतं. न्यूजर्सी-बॉस्टन साइडला कार्निया आणि कॅलुना जमतात, पण बर्फ नसताना कोरडा वारा सुटला की पानं करपतात, ख्रिसमस ट्री टाकून द्यायच्या ऐवजी त्याच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरून ठेवा. टेक्सासमध्ये मात्र नका प्रयत्न करू, दमट उकाडा याला चालत नाही. आणि त्याच कारणाने पुण्या-मुंबईतही हा येणार नाही, आईला द्यायला बियांचं पाकीट नेऊ नका. तिकडे हौस भागवायची असेल तर नर्सरीत कुफिया मागायचा, सोसायट्यांच्या रस्त्याकडेला बॉर्डरला लावतात ना बारीक जांभळ्या फुलांचा, तोच. त्याला फॉल्स हीदर म्हणतात, मूळ मेक्सिकोकडचा, नात्याने हीदरचा कोणी नाही, उलट मेंदीच्या कुळातला आहे, पण उन्हात वर्षभर फुलतो आणि छाटणी केली की अजून दाट होतो.